भाजलेली वाळू

लोंढ्याला, आमच्या न्हाणीच्या मागं
एक लोखंडी काहील पालथी पडलेली असते.
मार्च-एप्रिलात तिच्यात काजूच्या बिया भाजतो,
चिकाच्या धुरानं डोळे चुरचुरतात.
त्याआधी छत्तीस वर्षं तिच्यात
अप्पानं वाळू भाजली.

वाळू, होय.
रेल्वेच्या कागदावर हुद्दा इंग्रजीत होता,
कॉलनीत त्याला रवळू भडभुंज्या म्हणत.
आई म्हणायची, जन्मभर भाजतोय माणूस,
एक लाही फुटली नाही.

कॅसलरॉकपासून गाडी खाली वाकते,
सदतीस हात पुढं, तर एक हात खाली.
ऐकायला काहीच नाही.
पण लोखंडावर लोखंड, वर धुक्याचा ओलावा,
वर चिरडलेल्या पानांचा बुळबुळीत लेप,
आणि खालून चढणारी मालगाडी,
मागं ढकलायला दोन इंजिनं,
चाकं गरगरतात जागच्या जागी.
तेव्हा इंजिनाच्या पोटातल्या नळीतून
चाकापुढं चिमूटभर वाळू सांडायची.
ओली असली तर नळीतच बसून राहते.
म्हणून कोरडी.
म्हणून अप्पा.

वाळू झाली की नाही हे तो कानानं ओळखायचा.
ओंजळ कानाशी धरून हळूच सोडायचा:
कोरडी बोलते, ओली मुकी.
मी चौथीत होते. पाट्यांच्या भाषेवरून
आठवडाभर बाजार बंद होता.
मी विचारलं, कुठल्या भाषेत बोलते, अप्पा?
त्यानं विचार केला.
म्हणाला, सर्र.

परवा प्रज्वलचा फोन आला, माझ्या भावाचा मुलगा.
हुबळीच्या वर्कशॉपातून कुठं कुठं करत
झुरिकच्या ट्रॅम डेपोत पोचलेला.
सुट्टीत डोंगरावर गेला होता, ते दाखवत होता.
आत्ती, हे बघ, रुळांच्या मधोमध दात,
गाडीच्या पोटालाही दात,
बर्फातसुद्धा डोंगर चावत चढते.
मी म्हटलं, बरं झालं अप्पाला कळलं नाही,
रात्रभर झोपला नसता.

मग दोरीची गाडी दाखवली.
एका दोराला दोन डबे, एक वर, एक खाली,
उतरणाऱ्याच्या वजनानं चढणारा चढतो.
अर्ध्या वाटेत रूळ फाकतात,
काचेला काच लागेल इतक्या जवळून
दोघं एकमेकांना टाकून जातात.
आई अठ्ठ्याऐंशीची. चष्मा पुसून बघत होती.
म्हणजे वरचा खाली आल्याबगर
खालचा वर जात नाही म्हण की?
होय आजी, तसंच.
तिनं पुढं काहीतरी विचारायला तोंड उघडलं
आणि पदरानं चष्माच पुसला, परत.

शेवटी तो डेपोत गेला.
निळ्या ट्रॅमची एक सीट उचलली.
खाली पेटी होती, पेटीत
पिवळसर, बारीक, चाळलेली.

आत्ती, बघितलीस? ब्रेक मारताना लागते, इथंसुद्धा.

मला काही सुचेना.
कोण भाजतं रे तिकडं?
कोण नाही. पोत्यातून येते, कारखान्यातून, तयार.

आई म्हणाली, ऐकव बघू.
काय ऐकवू आजी?
वाळू रे. कानाला लाव फोनच्या.

इथं दिवेलागण झालेली,
तिथं अजून दुपार, साडेतीन तास मागं.
त्यानं हातमोजा काढला, मूठ भरली,
आणि फोनजवळ धरून सोडली.
आमच्याकडं नुसती खरखर आली,
रेंज गेल्यासारखी.

आईनं डोळे मिटून ती शेवटपर्यंत ऐकली.
मग फोन माझ्या हातात दिला.

जरा कमी भाजलीय, म्हणाली.
पण चालंल म्हणावं.
गावात चालवायची गाडी ती,
घाट थोडाच हाय.